थिसॉरॉस

थिसॉरॉस : साठवण, ठेवा व विशेषतः देवस्थानाच्या आवारातील भांडारगृह या अर्थांची प्राचीन ग्रीक संज्ञा. ‘ठेवणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी तिचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. मात्र ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. ठेवण्याची जागा आणि तीत ठेवलेली वस्तू या दोहोंनाही हीच संज्ञा लावीत. त्यामुळे कोठार, पेटी, जमिनीत पुरलेले धन, देवळातील दगडी दानपेटी आणि कोरीव संगमरवरी वास्तू या सर्वांचा तिच्यात समावेश होतो. ‘खजिना’ या रूढ भाषांतरात या अर्थछटा हरवतात. त्यापेक्षा मराठीतील ‘ठेवा’ हा शब्द तिला अधिक जवळचा आहे.

डेल्फाय व ऑलिंपिया येथील क्षेत्रांत ग्रीक नगरराज्यांनी स्वखर्चाने अशी भांडारगृहे उभारली. एक दालन व त्यापुढे बहुधा दोन स्तंभांची ओसरी, एवढाच त्यांचा विस्तार असे. डेल्फाय येथील अथेन्सचे भांडारगृह जेमतेम १० मी. लांब आहे. देवाची रोकड सांभाळणारी कचेरी असे त्यांचे स्वरूप नव्हते. नगराने व नागरिकांनी वाहिलेल्या वस्तू तेथे ठेवीत आणि ती वास्तूही देवास अर्पण केलेली असे. सिफ्नॉस बेटाच्या रहिवाशांनी सोन्याचांदीच्या खाणींच्या उत्पन्नाचा दशांश खर्चून आपले भांडारगृह बांधले (इ. स. पू. सु. ५२५). अथेन्सचे भांडारगृह मॅरेथॉनच्या लढाईतील (इ. स. पू. ४९०) लुटीतून बांधले, असे पॉसेनिअस म्हणतो, त्याच्या काळाबद्दल मात्र मतभेद आहेत. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९०३–०६ मध्ये ते मूळच्या दगडांतून पुन्हा उभे केले. ते कोणाच्या नावे आहे, याला मोठे महत्त्व असे. कॉरिंथचे म्हणून ओळखले जाणारे भांडारगृह वस्तुतः किप्सेलस या सत्ताधीशाचे होय, असे हीरॉडोटस मुद्दाम नमूद करतो.

ही संज्ञा सर्वत्र एकसारखी वापरली जात नव्हती. पॉलेमॉन हा लेखक ऑलिंपिया येथील अशाच वास्तूंना ‘मंदिर’ म्हणतो, तर डीलॉस येथील नॅक्सॉसवासीयांची वास्तू ‘घर’ या नावाने प्रसिद्ध आहे. मायसीनी येथील ‘एट्रियसचे भांडार’ ही तर घुमटाकार थडग्याची वास्तू आहे. पॉसेनिअसने मायसीनीतील भूमिगत भांडारांचा उल्लेख केल्यामुळे हे चुकीचे नाव तिला चिकटले व आजही ते सुटलेले नाही.

देवाकडे ठेवलेले धन माणसाने खर्चावे की नाही, हा यातील कळीचा प्रश्न. थ्यूसिडिडीझच्या वृत्तांतानुसार, अथीना देवीच्या मूर्तीवरील ४० टॅलंट सोनेही राज्यरक्षणासाठी वापरता येईल, मात्र तेवढेच परत केले पाहिजे, असे पेरिक्लीझने इ. स. पू. ४३१ मध्ये सांगितले. देवीकडून घेतलेल्या कर्जावर अथेन्सने व्याज आकारल्याचे शिलालेखांवरून दिसते. याउलट फोसिसच्या लोकांनी इ. स. पू. ३५६ नंतर डेल्फाय येथील सोनेचांदी वितळवून भाडोत्री सैन्य पोसले. युद्ध हरल्यावर त्यांच्यावर भरपाई म्हणून दरसाल ६० टॅलंटचा बोजा पडला.

मराठी वाचकास या अर्थांतील भेद पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील दोन उदाहरणांवरून सहज उमगेल. नसरापूरजवळील बनेश्वराच्या मंदिरात एक पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेतील (१७३९) विजयानंतर ती आणली गेली, असे मानले जाते. शत्रूकडून मिळालेली वस्तू देवाच्या दारी ठेवून विजयाची साक्ष कायम करणे, ही डेल्फाय येथीलच रीत होय. तोरण्याचा प्रकार निराळा. शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतल्यावर (सु. १६४६) तेथे पुरलेले धन सापडले, ते भवानीचा प्रसाद मानले गेले आणि त्यातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगडाची उभारणी झाली, अशी हकीकत ग्रँट डफ (१८२६) व बखरकार देतात. हे धनही ग्रीक अर्थाने ‘थिसॉरॉस’ च. पण ते कोणी देवीस वाहिलेले नव्हते, देवीनेच ते दिले अशी श्रद्धा होती. त्यामुळे अथेन्सप्रमाणे परतफेडीचा प्रश्न येथे उद्भवत नाही.

लॅटिनमध्ये ही संज्ञा ‘थिसॉरस’ अशी झाली. तिच्यापासूनच फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘ट्रेझर’ हा शब्द आला. सोळाव्या शतकात एत्येन पितापुत्रांनी आपल्या लॅटिन (१५३१) व ग्रीक (१५७२) शब्दकोशांस हे नाव दिले. पीटर मार्क रॉजे याच्या ग्रंथामुळे (१८५२) इंग्रजीत ते समानार्थी शब्दांच्या संग्रहापुरते रूढ झाले. राजाचे भांडार व शब्दसंग्रह हे दोन्ही अर्थ संस्कृत ‘कोश’ या शब्दालाही आहेत.