चोरांसाठी टाळ्या का वाजतात? ‘ओशन्स थर्टीन’ची गंमत

आजचा विषय वरवर हलका आहे. २००७ साली आलेला ‘ओशन्स थर्टीन’, म्हणजे कसिनो लुटणाऱ्या टोळीच्या मालिकेतला तिसरा भाग. सुंदर कपडे, चटकदार संगीत, सगळे देखणे नट. असा चित्रपट बघून माणूस खूश होऊन बाहेर पडतो, पण का खूश झालो ते विचारलं तर पटकन सांगता येत नाही. ते आज जरा उलगडून बघू.

आधी मागचा धागा. मूळ ‘ओशन्स इलेव्हन’ १९६० चा, फ्रँक सिनात्राचा. २००१ मध्ये स्टीव्हन सोडरबर्गने तो नव्याने केला. जॉर्ज क्लूनी आणि ब्रॅड पिट यांची टोळी लास व्हेगासची तिजोरी फोडते. २००४ च्या दुसऱ्या भागात टोळी युरोपात गेली, आणि तिथे प्रेक्षक थोडा दुखावला. खरी चोरी आपल्या नजरेआड आधीच उरकलेली होती, आपल्याला शेवटी नुसतं सांगितलं. नट मजेत होते, आपण मात्र त्यांच्या लग्नात मांडवाबाहेर उभे!

तिसऱ्या भागाने ही चूक सुधारली, आणि ती सुधारली कारणापासून. या वेळी पैसा हे कारणच नाही. टोळीतला वडीलधारा रूबेन, म्हणजे इलियट गूल्ड, एका नव्या हॉटेलात भागीदार असतो. दुसरा भागीदार विली बँक, म्हणजे अल पचिनो, त्याला दमदाटी करून कागदावर सही करायला लावतो आणि बाहेर काढतो. म्हातारा हृदयविकाराच्या झटक्याने अंथरुणाला खिळतो. आता हे पनवेलकरांना वेगळं समजावून सांगायला नको. गेल्या पन्नास वर्षांत इथे जमिनीचे व्यवहार झाले, भागीदाऱ्या झाल्या आणि तुटल्या. सहीची किंमत काय असते हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. म्हणून व्हेगासची गोष्ट असली तरी रूबेन आपल्याला कुणाचा तरी काका वाटतो. चोरांच्या बाजूने आपण इथेच झुकतो.

दुसरी गोष्ट गणिताची. कसिनोत नशीब नसतं, हिशेब असतो. अमेरिकन रूलेच्या चक्रावर ३८ घरं असतात. तुमचा एक आकडा आला तर पैसे ३५ पट मिळतात. म्हणजे शंभर रुपये लावणारा सरासरीने दर डावाला सव्वापाच रुपये घालवतो. एखादा माणूस एखाद्या रात्री जिंकेल, पण तो खेळत बसला तर मालकच जिंकतो. वेळ हे मालकाचं खरं हत्यार.

आता टोळीची योजना बघा, ती या गणितावरच बेतलेली आहे. उद्घाटनाच्या रात्री सगळे खेळ आतून बिघडवायचे, म्हणजे साधी गिऱ्हाइकं जिंकतील. पण ती लोभाने पुन्हा खेळली तर पैसा परत मालकाच्या गल्ल्यात! म्हणून जमिनीखाली भलंमोठं यंत्र लावून खोटा भूकंप घडवायचा. लोक जिंकलेले पैसे घेऊन बाहेर पळाले पाहिजेत. हा भूकंप दिसायला थिल्लर आहे, पण त्याच्यामागचा विचार पक्का आहे. त्यांनी मालकाच्या हातातला वेळच काढून घेतला.

आणि एक गोष्ट निसटू देऊ नका. एवढा कसिनोचा चित्रपट, पण टोळी नशिबावर काहीच सोडत नाही. फासे कारखान्यातच बदलायचे, यंत्रं आधीच फिरवून ठेवायची. जुगाऱ्यांच्या घरात शिरलेली ही सगळ्यांत कमी जुगारी माणसं आहेत.

तिसरं म्हणजे सोंग. मॅट डेमन भलंमोठं नाक लावून फिरतो. पुढे काय होणार हे बहुतेक ठाऊक असूनही आपण हसतो. हे आपल्याला परकं नाही. तमाशातल्या वगाची गोष्ट लोकांना माहीत असते, लोक जातात ते सोंगाड्यासाठी. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आपण कितीदा बघितला? पुढचा प्रसंग तोंडपाठ, तरी बघतोच. सोंग उघडं पडेल का, ही धाकधूक पुन्हा पुन्हा हवीशी वाटते. सीक्वेलची मजा तीच, माणसं ओळखीची आणि पेच नवा.

चौथं म्हणजे चित्रपटाचा स्वतःचा हिशेब. गोळीबाराने कुणाचा जीव जात नाही. फासे बनवणाऱ्या मेक्सिकोतल्या कारखान्यात टोळीचा माणूस शिरतो, तिथे कामगारांचा संप होतो आणि त्यांना पगारवाढ मिळते. हॉटेलचं परीक्षण करायला आलेल्या एका बिचाऱ्याचे टोळीच्या हातून फार हाल होतात. शेवटी विमानतळावरच्या यंत्रातून त्याला घसघशीत रक्कम जिंकवून देतात. ज्याला विनाकारण त्रास दिला, त्याचं देणं फेडलं. म्हणून आपलं मन टोचत नाही.

आता जरा कडू बोलतो. या हिशेबात एक रकाना कोरा आहे. कसिनोत आजवर हरलेली माणसं, त्यांची घरं चित्रपटात कुठेच दिसत नाहीत. (शांतता) आपल्या महाराष्ट्रात मटक्याने काय केलं, ते गिरणगावातल्या लोकांना विचारा. राज्यात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे. १९७६ मध्ये कसिनोंना परवानगी देणारा कायदा विधिमंडळाने केला, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. शेजारी गोव्यात मात्र मांडवी नदीत कसिनोची जहाजं उभी आहेत. आणि मोबाइलवरचा खेळ तर खिशातच आला होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये करावा लागला.

मग हा चित्रपट बघायचा नाही का? जरूर बघा, आणि मुलांबरोबर बघा. फक्त बघून झाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारा: यात कायम जिंकणारं कोण होतं? उत्तर फार सरळ आहे. एरवी कसिनोचा मालक, आणि त्या एका रात्री जुगार न खेळणारी माणसं. त्या रात्री जिंकलेल्या गिऱ्हाइकांनाही नशिबाने जिंकवलं नव्हतं, कुणीतरी मुद्दाम जिंकवलं होतं. आपल्या घरी भूकंप घडवून बाहेर काढणारं कुणी येणार नाही. टेबलावरून आपलं आपणच उठावं लागतं.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.