जुन्या बीटलला तेलाची गाळणी
चहा गाळल्याशिवाय आपण पीत नाही. पण जर्मनीच्या फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीत अडीच लिटर तेल गाळायला फक्त तारेची जाळी असे. धातूचा बारीक कीस तिच्यातून निसटून बेअरिंग झिजवतो. म्हणून जाणकार पंपाची मूळ वाट बुजवतात, पंपाच्या झाकणातून तेल बाहेर काढून कागदी फिल्टरमधून नेतात आणि इंजिनाच्या केसला भोक व आटे पाडून मुख्य वाहिनीत परत सोडतात. मग बेअरिंगकडे जाणारे तेल आधी गाळले जाते. मात्र भोक पाडतानाचा कीस वाहिनीत राहिला, तर तो फिल्टरच्या पुढे असल्याने थेट बेअरिंगमध्येच शिरतो. इंजिन पूर्ण खोलून, वाहिन्या धुऊनच हे काम करावे. वर्गात आम्ही मुलांना हेच सांगतो : सुधारणा करताना नवी घाण मागे सोडू नये.