पाच आठवड्यांचं धरण

जुलैच्या शेवटी पुण्यात एक प्रश्न रिक्षात, वाण्याच्या दुकानात, सोसायटीच्या जिन्यात सारखा कानावर येतो: खडकवासला भरलं का? भरलं म्हटलं की माणसं निश्चिंत होतात. मुलांना धरण दाखवायला न्यायचं ठरलं की आदल्या दिवशी मी या निश्चिंतीपासूनच सुरुवात करतो आणि फळ्यावर एक गणित घालतो. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. पुणे शहर दिवसाला दीडशे कोटी लिटरहून जास्त पाणी उचलतं. वरून थेंब आला नाही आणि कालव्यालाही काही सोडलं नाही, तर काठोकाठ भरलेलं खडकवासला शहराला किती दिवस पुरेल?

सातवीची मुलं भागाकार करतात. उत्तर सदतीस येतं. मग पुन्हा करतात, कारण शून्य कुठेतरी सुटलं असणार अशी त्यांची खात्री असते. शून्य सुटलेलं नसतं. दीडशे कोटींच्या वरची उचल धरली तर सदतीसही उरत नाहीत, जेमतेम पाच आठवडे. ज्या धरणाच्या नावाने सगळं शहर पाणी मोजतं, त्याचा खरा आवाका एवढाच.

हे कळल्यावर धरणाकडे पाहण्याची नजर बदलते, म्हणून हे गणित मला बसमध्ये बसण्याआधीच हवं असतं. नाहीतर सहल चौपाटीवरच संपते. भाजलेली कणसं, कांदाभजी, मागे सिंहगड, पलीकडच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हिरवी हद्द आणि समोर वाऱ्याने चुरगळलेलं पाणी. सुंदरच आहे ते. पण धरण हे एक यंत्र आहे आणि यंत्र बघायचं तर ते काय काम करतं ते विचारायला हवं.

खडकवासल्याच्या वर तीन धरणं आहेत. आंबी नदीवर पानशेत, १०.६५ टीएमसी. मोसी नदीवर वरसगाव, १२.८२ टीएमसी. मुठेच्या वरच्या अंगाला टेमघर, ३.७१ टीएमसी. चौघांची बेरीज २९.१५ टीएमसी आणि तीत खडकवासल्याचा वाटा सात टक्क्यांहूनही कमी. वरची तिन्ही धरणं म्हणजे रांजण आणि खडकवासला म्हणजे त्यात बुडवायचा तांब्या. शहराकडे जाणारं या साखळीतलं पाणी या तांब्यातूनच जातं. म्हणून उन्हाळ्यात खडकवासला किती भरलंय याला फारसा अर्थ नसतो. ते वरून पाणी आणून मुद्दाम भरतं ठेवलेलं असतं. पुण्याचा मे महिना कसा जाणार हे कळायचं तर पानशेत आणि वरसगावचे आकडे बघावे लागतात.

पावसाळ्यात हाच लहानपणा वेगळ्या तऱ्हेने आड येतो. वरची धरणं भरली की त्यांच्या सांडव्यावरून सुटलेलं पाणी खडकवासल्यात येतं, शिवाय मधल्या डोंगरांवर पडलेला पाऊस थेट उतरतो. पाटबंधारे खात्यातली माणसं या येणाऱ्या पाण्याला 'येवा' म्हणतात. येवा वाढला की खडकवासल्याला तो धरून ठेवायला जागा नसते. आलेलं पाणी मोजून, ठरवून पुढे सोडणं एवढंच हातात उरतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेत ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग सुरू झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींच्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. या वेगाने पाणी सोडत राहिलं आणि वरून काहीच आलं नाही, तर भरलेलं खडकवासला सोळा तासांच्या आत रिकामं होईल. दरवाजे आधी उघडावेत तर पाणी वाया जाण्याची भीती, उशिरा उघडावेत तर खालच्या वस्तीत पाणी. नदीपात्रातल्या भिडे पुलावर पाणी आलं म्हणून आपण फोटो काढायला जातो, तेव्हा वर दरवाजांपाशी कुणीतरी रात्रभर तासातासाचे आकडे लिहीत बसलेलं असतं. मुलांची त्या माणसाशी भेट व्हावी म्हणून मी धडपडतो. भिंतीची लांबी पुस्तकातही सापडते. रात्री दोन वाजता दरवाजा किती फूट उचलायचा हा निर्णय कसा होतो, ते तोच सांगू शकतो.

हे धरण मुळात एवढ्या मोठ्या शहरासाठी बांधलंच नव्हतं. १८६९ मध्ये काम सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली. योजना रॉयल इंजिनिअर्समधल्या फाइफ या अधिकाऱ्याची, म्हणून इंग्रजी कागदपत्रांत जलाशयाचं नाव 'लेक फाइफ'. दुष्काळी पूर्व भागाला कालव्याने पाणी द्यायचं, आणि जोडीला पुणे शहराची व पुणे-खडकीच्या लष्करी छावण्यांची तहान भागवायची, असा दुहेरी हेतू होता. त्याआधी शहराची भिस्त विहिरींवर आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या योजनेवर होती. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत येत असे, वाटेत हवा मोकळी होण्यासाठी उच्छ्वास बांधलेले होते. तीही योजना मुलांना दाखवण्यासारखी आहे, पण तो वेगळा दिवस.

खडकवासल्याच्या भिंतीवर एका तरुण अभियंत्याचं नाव मला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पाहायला आवडेल. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकी शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. भिंत न वाढवता साठा कसा वाढवायचा हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सांडव्याची उंची वाढवली की साठा वाढतो, पण पुरात मागे फुगणाऱ्या पाण्याने भिंतीवरचा भारही वाढतो. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडलेलं राहायचं. त्याच्या वर चढू लागलं की पाण्याच्याच जोरावर आणि तोलासाठी लावलेल्या वजनांच्या मदतीने दरवाजे आपोआप उघडायचे. पूर ओसरला की पुन्हा मिटायचे. माणूस लागत नव्हता, इंजिन लागत नव्हतं. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर होतं आणि १९०३ मध्ये ती पहिल्यांदा बसली ती इथे, खडकवासल्यात. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच युक्ती गेली. आज खडकवासल्यावर अकरा वक्राकार दरवाजे दिसतात, ते नंतरचे.

ते नंतरचे का, हे सांगताना १२ जुलै १९६१ वर थांबावंच लागतं.

पानशेतचं मातीचं धरण तेव्हा अपुरं होतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं गेलं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणाऱ्या मोरीचं आणि तिच्या दरवाजांचं काम पुरं झालेलं नव्हतं. मोरीतून पाणी धडका देत वाहू लागलं, तिच्यावरचा भराव खचू लागला, आणि वरून पाऊस थांबेना. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून भराव तोलून धरायचा प्रयत्न केला. त्यामुळे जे तास मिळाले त्यात काही गावं रिकामी होऊ शकली. सकाळी पानशेत फुटलं. तो सगळा लोंढा खडकवासल्यात उतरला. ऐंशी वर्षं उभी असलेली दगडी भिंत असा लोंढा पेलण्यासाठी बांधलेलीच नव्हती. काही तासांत तिलाही खिंडार पडलं. नदीकाठच्या पेठा, डेक्कनचा परिसर पाण्याखाली गेला.

हे वर्णन मुलं शांतपणे ऐकतात, पण त्यांना खरा धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीने. पूर ओसरला आणि शहरात पाणी नव्हतं. खडकवासलाच गेल्यामुळे नळ कोरडे पडले. ज्या घरांत आदल्या दिवशी छपरापर्यंत पाणी होतं, तिथली माणसं प्यायच्या पाण्यासाठी जुन्या विहिरी शोधत होती. एखादं धरण शहराला काय देतं हे समजायला त्याचं असणं पुरत नाही, ते नसल्याचा एक आठवडा कुणीतरी आठवून सांगावा लागतो. अजून तशी माणसं पुण्यात आहेत. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहतींच्या मागे पूरग्रस्तांची गोष्ट आहे. वर्गात एखादा मुलगा हमखास निघतो ज्याची आजी त्या पुरातून निभावून निघालेली असते. सहलीआधी आजीला विचारून ये, असं मी सांगतो, आणि जे तो आणतो ते कुठल्याच अहवालात नसतं.

खडकवासल्याची फुटलेली भिंत पुन्हा उभी राहिली, आजचे दरवाजे त्यानंतरचे. पानशेतही पुन्हा बांधलं गेलं, त्याच्या जलाशयाला तानाजीसागर नाव मिळालं. वरसगावचा जलाशय वीर बाजी पासलकरांच्या नावाचा. बाजी ज्या मोसे खोऱ्याचे देशमुख होते, त्याच खोऱ्यातली गावं या पाण्याखाली गेली. पुण्याच्या नळाला पाणी यावं म्हणून उठलेल्या या गावांचा उल्लेख कुठल्याही पाणीपट्टीवर नसतो, तो सहलीत तरी व्हायला हवा. आणि टेमघरचाही: २०१६ मध्ये त्याच्या भिंतीतून मोठी गळती दिसली आणि सिमेंटचं मिश्रण दाबाने भरून ती बुजवायचं काम हाती घ्यावं लागलं. धरण एकदा बांधलं की झालं, असं नसतं.

धरणाच्या पायथ्याशीच केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाला आहे, १९१६ साली सुरू झालेली. तिथे बंदरांच्या आणि सांडव्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून खरंखुरं पाणी सोडतात. प्रतिकृती शंभरपट लहान असेल तर पाण्याचा वेग दहापटच कमी ठेवावा लागतो, या एका नियमावर वर्गात दोन तास बोलता येतं. आत जायला मिळालं तर वेळ हातचा राखू नये.

बहुतेक सहली इथून घरी परततात. माझ्या मते धरणाची अर्धी गोष्ट इथून पुढे आहे. शहराचं पाणी बंद जलवाहिनीने पर्वतीच्या जलकेंद्राकडे जातं. तुरटीने गाळ खाली बसतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळलं जातं, क्लोरीन मिसळतं, मग टाक्या आणि नळ. दुसरी वाट उजव्या मुठा कालव्याची. हा कालवा पुण्याच्या भर वस्तीतून, स्वारगेट-हडपसरवरून निघतो आणि लोणी काळभोर, यवत, वरवंड करत इंदापूरपर्यंत जातो. लांबी २०२ किलोमीटर. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटून वस्तीतली घरं वाहून गेली, तेव्हा कित्येक पुणेकरांना आपल्या शहरातून एवढं पाणी रोज जातं हे पहिल्यांदा कळलं.

दौंड-इंदापूरचा शेतकरी या कालव्याच्या आवर्तनाची वाट बघतो. रब्बीचं आवर्तन कधी, उन्हाळी मिळणार का, किती दिवस, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. शहराने मंजूर कोट्यापेक्षा किती जास्त उचललं यावर तिथे वर्षानुवर्षं भांडण होतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं आजोळ दौंड तालुक्यात आहे. धरणावर उभी राहून तिने विचारलं, "सर, पाऊस कमी झाला तर आधी कुणाचं पाणी तोडतात?" धोरणात पिण्याचं पाणी पहिलं, शेती नंतर, असं मी सांगितलं. "मग गाड्या धुवायचं पाणी कशात धरतात?" तो प्रश्न मी उत्तर न देता फळ्यासाठी राखून ठेवला. पुढचे दोन तास वर्ग त्यावर भांडला आणि घरोघरी बादल्या मोजून आलेले आकडे अजून भिंतीवर लावलेले आहेत.

ज्या शाळांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. भिंतीवर जायला जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागते. पत्र बरंच आधी द्यावं. विसर्ग चालू असताना मुलांना काठावर नेऊ नये. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास, धरणं भरलेली असतात, हवा निवळलेली असते आणि अधिकाऱ्यांना बोलायला सवड असते. त्या दिवशीचे चारही धरणांचे आकडे मुलांनी वहीत उतरवावेत आणि तेच आकडे मेमध्ये पुन्हा लिहावेत. जमल्यास दुसरी सहल कालव्याच्या शेवटी, इंदापूरच्या बाजूला काढावी.