विस्तवापुढच्या आठ जागा

डहाणूकडच्या बोर्डीत ऐन दुपारी एखाद्या वाडीत शिरून उकडहंडी मागितली, तर घरधनी ताकाचा पेला पुढे करील, बसा म्हणेल. हंडी मात्र मिळणार नाही. ती आधी सांगावी लागते, आणि सांगताना माणसं किती तेही सांगावं लागतं. आयत्या वेळी दोन पाहुणे वाढले तर वरणात पाणी वाढवता येतं, भाताचं आधण पुन्हा ठेवता येतं. जाळात उपड्या घातलेल्या हंडीत मागून काही सरकवता येत नाही.

टोकियोत अशाच नियमावर चालणारी काही जेवणघरं आहेत. तिथे भाजतात ते गोमांस. एक लांब लाकडी फळी, तिच्या अलीकडे आठ-दहा खुर्च्या, पलीकडे कोळशाची शेगडी आणि शेगडीपाशी उभा एक आचारी. संपलं दुकान. काहींच्या दारावर पाटीही नसते. जागा महिना-महिना आधी धरावी लागते, सगळ्यांनी ठरल्या वेळी एकदम बसायचं असतं, आला नाहीत तरी पैसे भरावे लागतात. काही ठिकाणी जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीशिवाय नव्याला दार उघडत नाही. क्योतोतल्या गेइशांच्या चहाघरांची ही जुनी चाल. खायला काय हवं तेही विचारत नाहीत. आचारी पुढे ठेवील ते खायचं.

हे ऐकलं की आपल्याकडचा शेरा ठरलेला: पैसेवाल्यांचे चोचले. चोचले आहेतच. पण मला नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. त्या आठ खुर्च्यांचा आकडा मालकाच्या तोऱ्याने जेवढा ठरवलाय, त्याहून जास्त तो विस्तवाने ठरवलाय. बोर्डीच्या हंडीचं माप ठरतं तसाच.

आधी कोळसा पाहू. अशा शेगडीत बहुधा ‘बिंचोतान’ नावाचा कोळसा असतो. त्यातला नावाजलेला येतो जपानच्या वाकायामा भागातून. उबामे ही ओकची जड, चिवट जात. तिची लाकडं मातीच्या भट्टीत कोंडून कित्येक दिवस मंद जाळतात. शेवटी भट्टीचं तोंड हळूहळू मोकळं करून हवा आत सोडतात, आतलं तापमान १००० अंश सेल्सियसच्या वर जातं, आणि पांढरा रसरसलेला कोळसा लांब आकड्यांनी बाहेर ओढून ओलसर राख-मातीखाली विझवतात. म्हणून त्याच्या अंगावर पांढुरकी छटा. लाकडातलं धूर करणारं जवळपास सगळं भट्टीतच जळून गेलेलं असतं, उरतो तो निव्वळ कार्बन. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर लोखंडासारखे खणखणतात!

अशा निखाऱ्याला ज्वाळा जवळजवळ नसते, धूरही नसतो. मग मांस भाजतं कशाने? डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी. तापलेली कोणतीही वस्तू उष्णता किरणांच्या रूपात फेकत असते, आणि ती किती फेकते याचा नियम ऑस्ट्रियातल्या स्टेफान आणि बोल्ट्झमान या दोघांनी १८७९ आणि १८८४ साली मांडला. निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात! हिशेब करून पाहा. निखारा ७०० अंशांवरून ९०० अंशांवर गेला की उष्णतेचा मारा दुपटीच्याही वर जातो. कागदी पंख्याने दोन-चार वारे घातले की निखारा उजळतो, तापमान चढतं. त्या पंख्याच्या हातात चौथा घात आहे, आणि सुरीपेक्षा पंख्यावरच आचाऱ्याची परीक्षा होते.

आता मांस. कागदाहून थोडी जाड अशी काप शेगडीवर जेमतेम काही सेकंद टिकते. तेवढ्यात तिच्या पृष्ठभागावरचं पाणी उडायला हवं, कारण पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांवर अडून राहतं. पाणी गेलं की ते झपाट्याने चढतं, आणि १४० अंशांच्या आसपास प्रथिनांचे घटक आणि साखर यांच्यात जी गुंतागुंतीची क्रिया वेग घेते ती फ्रेंच संशोधक लुई-कामीय मेयार याने १९१२ साली प्रथम वर्णिली. तांबूस रंग आणि तो खमंग वास तिचाच. भाकरीवरचे डाग आणि तव्यावरचं खरपूस बोंबील, हीसुद्धा तीच मेयार क्रिया. पृष्ठभाग तांबूस व्हावा आणि आत मात्र चरबी नुसती सैल पडावी, वाहून जाऊ नये, एवढीच फट आचाऱ्याला मिळते. काप ताटलीत पडली की निवायलाही सेकंदच लागतात. तेव्हा शेगडीपासून तोंडापर्यंतचं अंतर हाताएवढंच असावं लागतं, आणि दोन डोळ्यांना एका वेळी जेवढ्या कापा सांभाळता येतील तेवढीच माणसं बसवता येतात. आठ-दहा खुर्च्यांचा उगम इथे आहे.

गंमत म्हणजे याकिनिकू, म्हणजे भाजलेलं मांस, हा मूळचा असा गुपचूप प्रकार नव्हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या कोरियन वस्त्यांतून तो वर आला. टेबलाच्या मधोमध शेगडी, सगळ्यांच्या हाती चिमटे, धुराने भरलेली खोली आणि भरपूर आरडाओरडा. १९८० साली नागोयाच्या शिंपो कंपनीने धूर खालच्या खाली ओढून घेणारी शेगडी बाजारात आणली आणि चांगले कपडे घालून कुटुंबंच्या कुटुंबं याकिनिकूला जाऊ लागली. आजही सर्वसामान्य जपानी माणसाचं याकिनिकू ते हेच. फळीमागच्या आचाऱ्याने गिऱ्हाइकाच्या हातातला चिमटा काढून घेतला, ही त्यानंतरची गोष्ट.

आणि याहून मोठी गंमत: हा देश हजारभर वर्षं गोमांस न खाणाऱ्यांत मोडत होता. सम्राट तेन्मूने इसवी सन ६७५ मध्ये फर्मान काढलं की एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे शेतीच्या हंगामात, बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाऊ नये. त्यामागे बौद्ध धर्म होता, नांगरही होता. पुढे बंदी कधी कडक, कधी सैल झाली, पण नांगराचा बैल ताटात घेणं लोकांना ओंगळ वाटत राहिलं. जानेवारी १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाली, ती पाश्चात्त्य देशांच्या बरोबरीने उभं राहण्याच्या घाईत. पुढच्याच महिन्यात काही तपस्वी निषेध म्हणून राजवाड्यात घुसायला गेले आणि झटापटीत त्यांतले काही मारले गेले.

ज्या जनावरांची आज ए५ अशी प्रत लावून जगभर किंमत होते, ती याच नांगराच्या बैलांची वंशावळ. ह्योगो भागातल्या ताजिमाच्या डोंगरात अरुंद दऱ्या, पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं, आणि घरटी एक-दोन गुरं. या गुरांची चरबी कातडीखाली थर धरून राहण्यापेक्षा स्नायूंच्या धाग्याधाग्यांत जाळीसारखी पसरते, आणि तिच्यात ओलेइक आम्ल जास्त असल्याने ती कमी तापमानाला वितळते, अगदी जिभेच्या उबेलासुद्धा. मेइजी काळात युरोपीय जातींशी संकर करण्याची टूम निघाली आणि शुद्ध ताजिमा गुरं संपत आली. आडवळणाच्या एका खेड्यात चार उरली होती, अशी नोंद आहे. त्यांच्या वंशात १९३९ साली ‘ताजिरी’ नावाचा वळू जन्मला. २०१२ साली वंशावळी तपासल्या तेव्हा जपानमधल्या पैदाशीच्या काळ्या गायींपैकी ९९.९ टक्के या एका वळूच्या वंशातल्या निघाल्या! फळीवर आलेल्या कापेमागे जनावराचा दहा आकडी क्रमांक असतो; २००३ साली त्यासाठी कायदाच झाला. क्रमांक टाकला की जन्मतारीख आणि गोठा दोन्ही कळतात. एवढ्या ओळखी तर आपल्याकडे स्थळ बघतानाही निघत नाहीत.

हे वाचताना मला आठवतो डांगी बैल. बोर्डीच्या पाठीशी जे डोंगर उभे आहेत त्यांच्या पट्ट्यात, पालघर-ठाण्यापासून नाशिक, अकोले आणि पलीकडे डांगपर्यंत, भाताच्या चिखलात नांगर ओढणारी ही जात. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके. ताजिमाच्या बैलाचं आणि याचं काम एकच: डोंगर, पाऊस, भातखाचर. ताजिमाच्या बैलाचं स्निग्ध स्नायूंत साठलं. डांगीच्या कातडीतून ते बाहेर पाझरतं आणि अंगावर असा तेलकट थर धरतं की कोसळत्या पावसाचं पाणी निथळून जातं. दोन्हीकडे माणसाने गुरं निवडून-निवडून वाढवली, पण आपल्याकडे निवड थांबली ती चिखलात टिकणाऱ्या बैलाशी.

महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने बंद झाली, २०१५ च्या दुरुस्तीने त्यात वळू आणि बैलही आले. तेव्हा बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत टोकियोची फळी उघडणार नाही, आणि उघडावी म्हणून मी हे लिहीत नाही. मला विस्तवाची दुसरी तऱ्हा दाखवायची आहे, आणि ती टोकियोच्या अगदी उलट आहे.

थंडी पडली, वालपापडी आली की हंडीचे दिवस येतात. डहाणू-पालघरकडे, विशेषतः वाडवळ मंडळींत, ती उकडहंडी, सरहद्दीपलीकडे वलसाडच्या रस्त्यावर उंबाडियुं, रायगडात पोपटी. तपशील घराघरांत बदलतात. हंडीच्या बुडाला पाला, मग वालपापडी, तुरीच्या शेंगा, कोनफळ, रताळी, बटाटे, चिरा दिलेली छोटी वांगी, कच्ची केळी. आलं, लसणीची पात, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं यांचं वाटण, ओवा आणि जाडं मीठ. कुणी कोंबडी घालतं, कुणी अंडी. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी भांबुर्ड्यासारखा उग्र वासाचा पाला गच्च कोंबायचा, हंडी उपडी घालायची आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, सुका पालापाचोळा रचून पेटवायचं.

उपडी का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. भाज्यांचंच पाणी तापून वाफ होते. वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर चढते. पण वर आता हंडीचं बंद बूड आहे. वाफ तिथे साठत जाते आणि आतली हवा खाली, पाल्यातून, बाहेर ढकलते. थोड्या वेळात हंडीत नुसती वाफच उरते. ही वाफ गार कोनफळाला भेटली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि तसं होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता ती त्या फोडीला देऊन टाकते. कोरडी हवा अशी उष्णता देऊ शकत नाही. म्हणून रताळं आतपर्यंत मऊ होतं. सुटलेलं जास्तीचं पाणी खाली पाल्यात निथळतं, भाजीचा लगदा होत नाही. हंडी सुलटी ठेवली असती तर बुडाशी रस्सा झाला असता आणि वाफ तोंडातून निसटली असती. कुणा प्राध्यापकाने शिकवलेलं हे नव्हे! आणि जी रताळी थेट तापल्या मातीला टेकलेली असतात त्यांच्या कडेला पाणी संपतं, तापमान चढतं, मेयार क्रिया तिथे गाठते. ती खरपूस बाजू ज्याच्या वाट्याला येते तो त्या पंगतीतला भाग्यवान.

टोकियोत आग आणि अन्न यांच्यात काहीच नसतं, आचारी क्षणाक्षणाला पाहतो. इथे मधे मातीची भिंत, आतलं काही दिसत नाही. मग झालं हे कळायचं कसं? तापल्या हंडीवर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र करून क्षणात उडून गेलं की ओढा बाहेर. आधी उघडली तर वाफ गेली, हंडी फुकट. ही एकच संधी असते, म्हणून माणसं आधी मोजून घ्यायची आणि उघडायच्या वेळी सगळी हजर हवीत.

याच परिसरातल्या एका विस्तवाचा उल्लेख न करणं बरं नव्हे, जरी त्यावर कधी काही शिजलं नाही. पारशांचं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत आणला आणि परंपरेनुसार बारा वर्षं तिथे जपला. पुढे फिरत फिरत तो १७४२ साली उदवाड्याला स्थिरावला. असा अग्नी स्थापन करताना सोळा ठिकाणचे विस्तव शुद्ध करून एकत्र आणतात. त्यांत कुंभाराचा, सोनाराचा, भटारखान्याचा विस्तव असतो, आणि आकाशातून पडलेल्या विजेचाही. त्याच्याजवळ जाणारा धर्मगुरू तोंडावर पांढरं पदान बांधतो, श्वाससुद्धा लागू नये म्हणून. पावसाळ्यातले बाहरोटचे कडे ज्यांनी पाहिलेत त्यांना तिथे बारा पावसाळे आग जागती ठेवणं म्हणजे काय ते कळेल.

एरवी बोर्डीला लोक चिकूसाठी जातात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. चिकू खुशाल खा, तो वर्षभर मिळतो. पण डिसेंबर-जानेवारीत जायचं ठरवलंत तर पश्चिम रेल्वेने घोलवडला उतरण्याच्या आदल्या दिवशीच ओळखीच्या वाडीत निरोप धाडा, माणसं नेमकी सांगा आणि हंडी जाळातून निघण्याआधी तिथे पोचा. सांगून ठेवलेल्या हंडीकडे न फिरकणं टोकियोइतकंच बोर्डीतही असभ्यपणाचं आहे. इथे फक्त त्याचा दंड घेत नाहीत.