पाच नॅनोसेकंदांची नोकरी

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगेला ‘मिलिटरी’ हे बिरूद पहिल्या महायुद्धाने दिलं. गावचे ४६ जवान त्यात कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळाही १९६१ साली साताऱ्यातच निघाली. कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून आणि सांगलीच्या वालचंदमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून संरक्षणाच्या कामाला लागणाऱ्यांच्या वाट्याला मात्र गणवेश येत नाही. त्यांच्यापैकी काहींचा जन्म एफपीजीए नावाच्या, आतली रचना बदलता येणाऱ्या चिपमागे जातो. काम गोपनीय, त्यामुळे घरी विचारलं तर उत्तर एकच: ‘इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे.’

या कामाला कोडिंग समजणं ही पहिली गल्लत. चिपची रचना मांडण्याच्या व्हीएचडीएल या भाषेत लिहिलेल्या ओळी एकामागून एक चालत नाहीत. त्यांचं सर्किट होतं आणि ते सगळं एकदम जागं असतं. ही भाषाही १९८०च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्यानेच करवून घेतलेली. झायलिंक्सची पहिली एफपीजीए १९८५ची, तिच्यात अवघे ६४ लॉजिक ब्लॉक होते.

लष्कराला ती का हवी? खास चिप घडवून घ्यायला कोट्यवधी लागतात. मोबाइलच्या खपात ते वसूल होतात, पण रडार लाखांच्या संख्येने बनत नाहीत. शिवाय शत्रूने डाव बदलला, तर चिप तीच ठेवून आतली रचना बदलता येते.

रडारमध्ये प्रतिध्वनी एक मायक्रोसेकंद उशिरा आला की लक्ष्य १५० मीटर लांब. २०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा एक ठोका पाच नॅनोसेकंदांचा, म्हणजे ७५ सेंटिमीटर. तेवढ्यात सिग्नल एका फ्लिपफ्लॉपमधून, म्हणजे शून्य किंवा एक धरून ठेवणाऱ्या घटकातून, निघून दुसऱ्यात पोचायलाच हवा. किंचित उशीर झाला की टूल लाल अक्षरांत ‘निगेटिव्ह स्लॅक’ दाखवतं. मग वाटेत रजिस्टर घालून रस्ता तोडायचा आणि पुन्हा तासन्‌तास बिल्ड लावायचा.

खरा छळ दोन वेगळ्या क्लॉकच्या हद्दीवर होतो. सिग्नल नेमका ठोक्याच्या क्षणी बदलला, तर शून्य की एक, हे फ्लिपफ्लॉपचं ठरत नाही. साध्या सिम्युलेशनमध्ये हे दिसत नाही. बोर्ड दिवसभर नीट चालतो आणि मध्येच एकदा दगा देतो. उपाय जुनाच: लागोपाठ दोन फ्लिपफ्लॉप. कुठे घालायचे राहिले, ते शोधण्यात मात्र आठवडे जातात.

पुढे ‘जेएसएस ५५५५५’ या लष्करी मानकाच्या चाचण्या: उष्णता, गारठा, दमट हवा, हादरे. रडार वीस-तीस वर्षं टिकतं. परदेशी कंपनीच्या चिपचं उत्पादन त्याआधीच बंद होतं. मग शेवटचा साठा एकदाच घेऊन ठेवा, नाहीतर रचना नव्या चिपवर न्या आणि सगळ्या चाचण्या पुन्हा द्या. अशा वेळी जुन्या माणसाने टिपणं ठेवलेली नसली, की प्रयोगशाळेत त्याचा अस्सल सातारी भाषेत उद्धार होतो.