‘काका, भाडं येतंय!’

‘म्हणजे तू फ्लॅट विकतेस?’ माझ्या मैत्रिणीला प्रत्येक लग्नात हा प्रश्न ठरलेला. ती आहे इन्व्हेस्टर रिलेशन्समध्ये, एका रीटच्या. रीट म्हणजे ऑफिस पार्क, मॉल यांच्या भाड्यात तुमचा-माझा छोटासा वाटा. सेबीचे नियम आले २०१४ मध्ये. एम्बसीचं पहिलं रीट बाजारात यायला २०१९ उजाडलं. मग माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड, नेक्सस. वाटपयोग्य रोख रकमेतले किमान ९० टक्के युनिटधारकांना द्यावेच लागतात.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑफिसं ओस पडली, तेव्हा फंडवाल्यांचा एकच धोशा: भाडं येतंय का? २०२१ पासून बाजारात एक युनिटही घेता येतं. त्यामुळे आता ठाण्यातले निवृत्त काकाही फोन करतात. पेन्शनला जोड म्हणून पैसे लावलेले, आवाजात धाकधूक.

‘गोड बोलणं हाच फंडा ना?’ मी विचारलं. ती हसली. ‘गोड बोलणारे दोन तिमाहीत उघडे पडतात.’

खरी गोची वेगळीच आहे. मोठा भाडेकरू जागा सोडणार असेल, तर ते आधी स्टॉक एक्स्चेंजला कळवायचं. रोज बोलणारे काका ‘मला तरी सांग गं’ म्हणाले, तरी चूप! कानात सांगितलं की झालं इनसायडर ट्रेडिंगचं लफडं. बातमी जाहीर झाली, की मात्र ती स्वतःहून पहिला फोन काकांनाच लावते.

एमबीए, सीएफए असेल तर दार लवकर उघडतं. पण भाडेकरार वाचायचा कंटाळा असेल, तर बॉस, हे आपलं काम नाही.