कालचे भविष्य विकत घेताना

जानेवारी २००६. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, स्कॉट्सडेल येथे बॅरेट-जॅक्सनने भरवलेल्या लिलावात एका जुन्या गाडीवर ४० लाख डॉलरची बोली थांबली. लिलावगृहाचा हिस्सा धरून रक्कम झाली ४३ लाख २० हजार. ही गाडी कोणा राजाची नव्हती, शर्यत जिंकलेली नव्हती. जनरल मोटर्सने स्वतःच्या जाहिरातीसाठी बांधलेली ती एक फिरती रंगभूमी होती. नाव फ्युचरलायनर, क्रमांक ११. जी दारात मावत नाही आणि बाजारहाटाला नेता येत नाही, अशा गाडीसाठी कोणी एवढे पैसे का मोजावेत?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. ते पाहून जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांना वाटले, की जे लोक शिकागोला येऊ शकत नाहीत त्यांच्या गावी हे विज्ञान आपणच न्यावे. त्यातून १९३६ मध्ये ‘परेड ऑफ प्रोग्रेस’ हा ताफा निघाला. तंबू ठोकायचा, खेळ फुकट दाखवायचा आणि पुढच्या गावी निघायचे. आपल्याकडच्या जत्रेतल्या तंबू-सिनेमासारखाच संसार. पुढे या ताफ्यासाठी बारा फ्युचरलायनर बांधल्या गेल्या आणि १९४०-४१ च्या सुमारास त्या रस्त्यावर आल्या.

सुमारे ३३ फूट लांब, साडेअकरा फूट उंच, लाल रंगाचे हे धूड. पुढची चाकेही जोडीजोडीची. चालक समोर, मधोमध, माळ्यावर बसल्यासारखा. बाजूचे सोळा फुटी दरवाजे वर-खाली उघडले, की वरचा भाग छत होई आणि खालचा रंगमंच. आत जेट इंजिन, मायक्रोवेव्ह भट्टी, दूरचित्रवाणी अशा नवलाईच्या वस्तू. चालकाच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट उन्हात भट्टीसारखा तापे. १९५३ च्या दुरुस्तीत तो काढून साधे छप्पर बसवले गेले. सारी रचना बघणाऱ्यांसाठी होती, चालवणाऱ्याच्या सुखाचा विचार नंतर.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि ताफा थांबला. १९५३ मध्ये तो पुन्हा निघाला, पण १९५६ मध्ये कायमचा बंद झाला. एव्हाना दूरचित्रवाणी घरोघरी पोचत होती. ज्या यंत्राचे कौतुक या गाड्यांनी गावोगाव सांगितले, त्यानेच त्यांचे प्रेक्षक घरी बसवले.

इथेच दुर्मीळपणाचे मूळ आहे. जुना ट्रक माल वाहतो, जुनी बस माणसे वाहते. म्हणून त्यांना दुसरा, तिसरा मालक मिळतो. जाहिरात संपली की जाहिरातीच्या गाडीला कामच उरत नाही. काही फ्युचरलायनर मिशिगनच्या पोलिसांनी रस्ता-सुरक्षेच्या प्रचारासाठी वापरल्या, एक ओरल रॉबर्ट्स या धर्मप्रचारकाचे व्यासपीठ झाली, बाकीच्या उघड्यावर गंजल्या. आज नऊ ठाऊक आहेत, त्याही सगळ्या धड नाहीत. एकूण बाराच बांधल्यामुळे सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत; तुटलेले हाताने घडवावे लागते. क्रमांक १० ची गाडी मिशिगनमधील स्वयंसेवकांनी अनेक वर्षे राबून उभी केली. ती इंडियाना राज्यातील ऑबर्नच्या संग्रहालयाची आहे.

मग ही गुंतवणूक म्हणायची का? क्रमांक ११ ची तीच गाडी २०१५ मध्ये पुन्हा लिलावात आली. ही विक्री सैनिकांसाठीच्या धर्मादाय कामाकरिता होती, तरीही बोली पुन्हा ४० लाखांवरच थांबली. नऊ वर्षांची महागाई आणि देखभाल धरली तर हा तोट्याचाच व्यवहार. नफा हे कारण पुरेसे नाही.

मला दिसते ते कारण वेगळे आहे. बहुतेक जुन्या गाड्या भूतकाळाची आठवण म्हणून घेतल्या जातात. फ्युचरलायनरच्या नावातच भविष्य आहे. ती घेणारा माणूस १९४० मधल्या माणसांनी पाहिलेला उद्या विकत घेतो: यंत्रे आली की सगळ्यांचे बरे होईल, हा भाबडा विश्वास. तो विश्वास पसरवण्यात कंपनीचा स्वार्थ होता, हे उघडच आहे. तिच्या त्या उद्यात प्रत्येक दारात मोटार असणार होती. पण मैदानात उभ्या असलेल्या पोरांच्या डोळ्यांतले कुतूहल खरे होते. पैसे त्या कुतूहलाचे पडतात.

म्हणून अशा गाडीची मालकी थोडी अडचणीची असते. भारी घड्याळ एकट्याने न्याहाळता येते, दुर्मीळ तिकिटांची वही कपाटात ठेवता येते. ही गाडी मात्र कुलूपबंद गोदामात निव्वळ लोखंड आणि पत्रा उरते. तिचे दरवाजे उघडावेत आणि समोर चार माणसे असावीत, यासाठीच ती बांधली गेली. कागदोपत्री ती एकाची असली, तरी प्रेक्षकांचा हक्क तिच्यावर आधीचा आहे, आणि हे ज्याला कळते त्याच्याच हाती ती शोभते.